विद्यावेतनातलं वेतन

यंदा गणपतीत आमच्या घरी एक वाद पेटला आणि मोदक पानातच राहिले. माझी भाची अमेरिकेत पीएचडी करते आहे. तिच्या विद्यापीठात टीए आणि आरए, म्हणजे शिकवण्यात आणि संशोधनात प्राध्यापकांचे मदतनीस, म्हणून काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी युनियन करायची की नाही, याचं मतदान पुढच्या महिन्यात आहे. आपण बाजूनं मत देणार, हे तिनं व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता सांगून टाकलं आणि भावोजींचा आवाज चढला. 'शिकायला पाठवलंय, संप करायला नाही. फी माफ, वर महिन्याला पैसे, आणखी काय पाहिजे?' माझा चुलतभाऊ दुसऱ्या टोकाला. 'विद्यापीठं म्हणजे आता कारखानेच, ही मुलं त्यातले मजूर, विषय संपला.' आरती होईपर्यंत हेच चाललं. एकाच्या मते ती विद्यार्थिनी आहे म्हणून कामगार असूच शकत नाही. दुसऱ्याच्या मते ती कामगार आहे, त्यामुळे गुरू, ज्ञान वगैरे सगळं थोतांड. अमेरिकेतही हा वाद गेली पन्नास वर्षं साधारण याच दोन रुळांवरून चालला आहे, आणि मला दोन्ही रूळ चुकलेले वाटतात.

माझं मत आधीच सांगतो. भाची विद्यार्थिनीही आहे आणि कामगारही आहे. एकाच वेळी दोन्ही असल्यामुळेच तिला लेखी आणि सामूहिक कराराची गरज साध्या नोकरदारापेक्षा जास्त आहे. तिच्या कामाचे तास ज्याच्या हातात, तिचा प्रबंधही त्याच्याच हातात आणि पुढच्या नोकरीचं शिफारसपत्रही त्याच्याच हातात. अशा माणसासमोर एकटीनं उभं राहून 'सर, काम फार होतंय' असं म्हणायला किती जणांची जीभ रेटेल?

हे काम नेमकं काय असतं, ते इथे अनेकांना ठाऊक नसतं, म्हणून माझंच सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मीही अमेरिकेतल्या एका विद्यापीठात टीए होतो. प्राध्यापक आठवड्यातून दोनदा मोठ्या सभागृहात व्याख्यान देत. त्याच विद्यार्थ्यांचे छोटे गट करून त्यांना पुन्हा समजावणं, त्यांच्या शंका सोडवणं आणि त्यांच्या वह्या तपासणं आमच्याकडे. कागदावर आठवड्याला वीस तास. मध्यसत्र परीक्षेनंतर माझ्या टेबलावर चौऱ्याऐंशी उत्तरपुस्तिका आल्या. एकीला बारा मिनिटं धरली, तरी हिशेब जवळजवळ सतरा तासांचा होतो. त्याच आठवड्यात तीन वर्ग घ्यायचे, त्यांची तयारी करायची, विद्यार्थ्यांना भेटीचे तास द्यायचे आणि स्वतःचा अभ्यास करायचा. ज्या प्राध्यापकांच्या हाताखाली होतो ते अतिशय सज्जन गृहस्थ होते. थँक्सगिव्हिंगला घरी जेवायला बोलावणारे, माझ्यासाठी मुद्दाम शाकाहारी पदार्थ करून घेणारे. तरीही पूर्ण सत्रात मी त्यांना एकदाही सांगितलं नाही की वीस तासांचे तीस होताहेत. सांगितलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं असतं, असं आज वाटतं. पण त्या वेळी ते शिफारसपत्र लिहिणार होते, आणि ते ऐकतील की मनात ठेवतील याची परीक्षा घेण्याइतकं धाडस माझ्यात नव्हतं.

त्याहून जास्त लक्षात राहिलंय ते पहिल्या पगाराचं. वर्ग ऑगस्टच्या मध्यावर सुरू झाले आणि पहिला चेक हातात पडला सप्टेंबरच्या शेवटी. त्या सहा आठवड्यांत घराचं डिपॉझिट, पहिलं भाडं आणि फी माफीत न बसणारे सत्राचे इतर आकार भरायचे होते. घरून आणलेले डॉलर दहा दिवसांत संपले. एका सिनियर मराठी मुलानं सहाशे डॉलर उसने दिले म्हणून मी तरलो. कार्यालयात विचारायला गेलो तेव्हा खिडकीमागच्या बाईंनी सहानुभूतीनं सांगितलं, 'तुमचा स्टायपेंड म्हणजे पगार नव्हे, त्यामुळे पगाराच्या तारखा त्याला लागू होत नाहीत.' त्यांचा काही दोष नव्हता. ज्या व्यवस्थेत काम पगारासारखं करून घ्यायचं आणि पैसे बक्षिसासारखे द्यायचे असतात, तिथे खिडकीवरचा माणूस दुसरं काय सांगणार? मराठीनं या पैशाला 'विद्यावेतन' म्हटलं आहे. त्या शब्दात वेतन आहे, हे मला त्या खिडकीपाशी पहिल्यांदा जाणवलं.

कायद्याचा इतिहासही या खिडकीसारखाच उघडत आणि मिटत आला आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या टीएंनी १९७० साली संप करून करार मिळवला. पण ते सार्वजनिक विद्यापीठ, आणि अशा विद्यापीठांना त्या त्या राज्याचा कायदा लागतो. खासगी विद्यापीठांचा निर्णय केंद्र सरकारच्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाच्या हाती. या मंडळानं २००० साली न्यूयॉर्क विद्यापीठाच्या प्रकरणात म्हटलं की हे विद्यार्थी कर्मचारी आहेत. २००४ साली ब्राऊन विद्यापीठाच्या प्रकरणात म्हटलं, नाहीत. २०१६ साली कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात पुन्हा म्हटलं, आहेत. या सोळा वर्षांत टीएच्या कामात काय बदललं? त्याच वह्या, तेच वर्ग. बदलत गेलं ते व्हाइट हाउस, आणि त्याबरोबर मंडळावरचे सदस्य. प्रश्न खरोखर कामाच्या स्वरूपाचा असता, तर उत्तर निवडणुकांबरोबर फिरलं नसतं.

आणि 'विद्यार्थी की कामगार' हा पेच आपल्याला नवा आहे का? ससून किंवा केईएममध्ये रात्री दोन वाजता आपल्या माणसाला सलाइन लावणारा निवासी डॉक्टर कोण असतो? तो पदव्युत्तर विद्यार्थी असतो. त्याची परीक्षा व्हायची असते, त्याच्या डोक्यावर गाइड असतो, आणि त्यालाही मिळतं ते विद्यावेतनच. थकलेल्या विद्यावेतनासाठी, वसतिगृहासाठी, सुरक्षिततेसाठी 'मार्ड' या निवासी डॉक्टरांच्या संघटनेनं किती वेळा संप केला, हे महाराष्ट्राला माहीत आहे. आपण त्या संपांवर चिडतो, रुग्णांचे हाल होतात म्हणून रास्तपणे चिडतो. पण 'हे शिकताहेत, म्हणजे काम करतच नाहीत' असं कुणी म्हणत नाही, कारण त्यांचं काम आपण पाहिलेलं असतं. अमेरिकेत मात्र हे मान्य व्हायला वेळ लागला. १९७६ साली कामगार मंडळ म्हणालं की निवासी डॉक्टर हे मुळात विद्यार्थी. १९९९ साली बोस्टनच्या एका रुग्णालयाच्या प्रकरणात तो निर्णय फिरवला गेला, आणि त्या निकालाचा आधार घेऊनच पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या टीएंना मान्यता मिळाली. म्हणजे टीएंना दार उघडून दिलं ते डॉक्टरांनी.

आता भावोजींच्या म्हणण्याकडे येतो. त्यांचा विरोध मी वरवरचा मानत नाही. त्यांचे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा भावोजी नववीत होते. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले हजारो पुन्हा आत गेलेच नाहीत. भावोजींच्या आईनं खानावळ चालवून घर उभं ठेवलं. युनियन हा शब्द ऐकला की त्यांच्या डोळ्यांपुढे तो बंद भोंगा येतो, आणि तो येऊ नये असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

पण त्या संपाचं मूळ कुठे होतं, तेही बघायला हवं. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार प्रत्येक उद्योगात एकच 'प्रातिनिधिक' युनियन, आणि कापड गिरण्यांत ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. मालक बोलणार तर तिच्याशीच, सरकार ऐकणार तर तिचंच. कामगार मात्र लाखोंनी संपाचे नेते दत्ता सामंत यांच्या मागे उभे होते. आपल्या वतीनं कुणी बोलायचं, हे गुप्त मतदानानं ठरवायची सोय त्यांना नव्हती. मालकांना गिरण्यांपेक्षा जमीन प्यारी झाली होती, यंत्रं जुनी झाली होती, सामंतांनी माघारीची वाट ठेवली नाही, ही सगळी कारणं खरी आहेत. पण ज्या टेबलावर तोडगा निघायचा, त्या टेबलाला कामगारांच्या माणसासाठी खुर्चीच नव्हती, हे कारण आपण फार लवकर विसरलो. भाची ज्या मतदानाबद्दल बोलते आहे ते या खुर्चीसाठीचंच मतदान आहे. गुप्त मतदान, साधं बहुमत, आणि युनियनची बाजू जिंकली तर विद्यापीठावर वाटाघाटीला बसण्याचं कायदेशीर बंधन. येल विद्यापीठात विद्यार्थ्यांनी मान्यतेसाठी १९९५ साली गुण रोखून धरले होते, तेव्हा त्यांच्या हाती काही लागलं नाही. तिथलंच जानेवारी २०२३ मधलं मतदान १,८६० विरुद्ध १७९ असं झालं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पहिला करारही झाला. मधल्या सत्तावीस वर्षांत तिथल्या मुलांना मोर्चे काढावे लागले, आणि खुर्ची मिळाल्यावर वर्षभरात काम झालं. १९८२ ची भीती वाटणाऱ्यानं तर या मतदानाच्या बाजूनं असायला हवं.

'फी माफ, वर पैसे' हा भावोजींचा दुसरा मुद्दा, आणि विद्यापीठांचाही आवडता. फी माफीची किंमत खरोखरच मोठी असते. खासगी विद्यापीठांत ती वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या पुढे जाते, आणि आपल्याकडच्या सामान्य घरातल्या मुलीला तिच्याशिवाय हा दरवाजा दिसलाही नसता. हे मी मनापासून मान्य करतो. पण त्या माफीनं घरभाडं भरता येत नाही. शिवाय चौथ्या-पाचव्या वर्षी पीएचडीचा विद्यार्थी एकाही वर्गाला बसत नाही. प्रयोगशाळेत तरी असतो, नाहीतर शिकवत तरी असतो. तेव्हाही त्याच्या नावावर फी लागते आणि माफ होते. ती कशाची असते? २०१७ साली अमेरिकी प्रतिनिधिगृहानं ही माफी उत्पन्न धरून तिच्यावर कर लावायचा घाट घातला, तेव्हा विद्यापीठांनीच ओरड केली की जो पैसा विद्यार्थ्याच्या हाती कधी येतच नाही त्यावर कर कसला? तो युक्तिवाद बरोबर होता आणि ती तरतूद अंतिम कायद्यातून वगळली गेली. मग वाटाघाटीच्या वेळी तोच न दिसलेला पैसा पगारात मोजून 'तुम्हाला एवढं मिळतं' असं कसं म्हणता येईल? फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठानं २०२३ च्या संपात तर संपकऱ्यांची फी माफी काढून घेतली आणि आरोग्य विमाही बंद केला. काम थांबलं की माफी थांबते. म्हणजे ती माफी कामाचाच मोबदला आहे, हे विद्यापीठानंच दाखवून दिलं. विमा बंद झालेल्यांत आजारी माणसंही असणार, हा विचार तेव्हा कुणाच्या मनात आला नसेल का, हे मला अजून कळत नाही.

पैसा आणायचा कुठून, या प्रश्नावर मात्र युनियनवाल्यांनी जरा जास्त प्रामाणिक व्हायला हवं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दहाही संकुलांत १४ नोव्हेंबर २०२२ ला ४८ हजार जण संपावर गेले. अमेरिकेच्या उच्चशिक्षणातला तो सर्वांत मोठा संप. मागणी होती वर्षाला किमान ५४ हजार डॉलरची. सहा आठवड्यांनी तडजोड झाली, ती टीएंचं सर्वांत खालचं वेतन सुमारे २३ हजारांवरून दोन वर्षांत ३४ हजारांवर नेण्याची. महागड्या शहरांत थोडं अधिक. मोठी वाढ, पण मागणीपेक्षा पुष्कळ कमी. त्यानंतर अनेक विभागांनी नवे प्रवेश कमी केले. बोस्टन विद्यापीठात २०२४ साली सात महिन्यांचा संप होऊन करार झाला आणि पाठोपाठ मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांच्या डझनभर विषयांत पुढच्या वर्षाचे पीएचडी प्रवेश स्थगित झाले. कारणांमध्ये कराराचा वाढीव खर्च सांगितला गेला. इतिहास किंवा भाषा शिकायची इच्छा असलेल्या, पुण्यातून किंवा कोल्हापुरातून अर्ज करणाऱ्या एखाद्या मुलीची जागा त्यात गेली असेल, हे नाकारण्यात अर्थ नाही. पगारवाढीची ही खरी किंमत आहे.

मात्र तिचा अर्थ काय लावायचा? जो विभाग मुलांना घरभाड्याइतकाही पैसा न देता चालत होता, तो आजवर कुणाच्या जिवावर चालत होता? आपल्याकडे तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांनी उत्तर कधीच दिलं आहे. नेट-सेट, पीएचडी झालेली माणसं तासावर पैसे घेऊन वर्षानुवर्षं महाविद्यालयं चालवतात, सुट्टीत त्यांचा पगार बंद, आणि मंजूर पदं रिकामी. स्वस्त हात उपलब्ध आहेत तोवर पद भरायची निकड कुणालाच वाटत नाही. अमेरिकेत स्वस्त टीए मिळाले म्हणून प्रवेश वाढले, पीएचडी झालेल्यांची संख्या वाढली, आणि कायम नोकऱ्या मात्र आटत गेल्या. कमी मुलांना घेऊन त्यांना नीट जगता येईल एवढं देणं आणि पुढे नोकरी मिळण्याची शक्यता राखणं, हे मला जास्त सचोटीचं वाटतं. ज्या मुलीची जागा गेली तिला हे ऐकून बरं वाटणार नाही, हेही मला कळतं.

गुरुशिष्य नात्याच्या मुद्द्यावर मी जास्त थांबणार नाही, कारण त्यात भावना जास्त आणि पुरावा कमी आहे. करारात गुण कुणाला किती द्यायचे, प्रबंध कधी मान्य करायचा, अभ्यासक्रम काय असावा, या गोष्टी येत नाहीत, आणि येऊही नयेत. येतात त्या कामाचे तास, विमा, बाळंतपणाची रजा, आणि छळाची तक्रार कुठे न्यायची ते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ सार्वजनिक विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांची पाहणी होती. युनियन असलेल्या ठिकाणी गाइडशी असलेलं नातं बिघडल्याचं त्यात आढळलं नाही. कोलंबियात नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेला दहा आठवड्यांचा संप ज्या मुद्द्यांवर लांबला, त्यात पैशाइतकाच महत्त्वाचा मुद्दा होता तो हा, की लैंगिक छळाच्या तक्रारीत शेवटचा शब्द विद्यापीठाबाहेरच्या तटस्थ लवादाचा असावा. तो त्यांनी मिळवला. ज्या नात्यात अशी तक्रार करायची जागाच नसते, त्या नात्याच्या पावित्र्याची काळजी आपण नेमकी कुणासाठी करतो?

कोलंबिया म्हटलं की आपल्याला आधी बाबासाहेब आठवतात. १९१३ ते १९१६ ही तीन वर्षं ते तिथे शिकले, बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. ती देताना संस्थानानं त्यांच्याकडून दहा वर्षं सेवा करण्याचा करार लिहून घेतला होता. शिकणाऱ्याला करार लागतच नाही असं नाही, देणाऱ्याच्या सोयीचा तो पूर्वीपासून लागतच आला आहे. पुढे १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात संपावर निर्बंध घालणारं औद्योगिक कलह विधेयक आलं, तेव्हा त्याच बाबासाहेबांनी सभागृहात मांडलं की संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव आहे. कोणत्या अटींवर काम करायचं हे माणसाला ठरवता येत नसेल, तर त्या कामात आणि गुलामीत अंतर उरत नाही, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. ७ नोव्हेंबर १९३८ ला त्या विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला, त्यात गिरणगाव त्यांच्यासोबत होतं. भावोजींचे आजोबाही त्या दिवशी कामावर गेले नव्हते, असं त्यांच्याच घरात सांगतात.

उरली व्हिसाची भीती. ती सर्वांत खरी आहे, आणि युनियनचे उत्साही कार्यकर्ते तिच्यावरून भरकन पुढे जातात, हे मला खटकतं. अमेरिकेत २०२३-२४ मध्ये ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते, कुठल्याही देशापेक्षा जास्त. त्यात मराठी मुलं किती, ते कुठल्याही विद्यापीठाच्या दिवाळीला गेलं की दिसतं. युनियनला मत देणं, सभासद होणं, कायदेशीर संपात भाग घेणं यानं व्हिसाची अट मोडत नाही, पूर्णवेळ प्रवेश टिकवला म्हणजे झालं. पण २०२५ च्या वसंतात सरकारनं हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाशी जोडलेल्या नोंदी अचानक रद्द केल्या, आणि न्यायालयात दाद मागितल्यावर त्या पूर्ववत झाल्या. अशा दिवसांत 'कायदा तुझ्या बाजूनं आहे' एवढंच सांगून मोकळं होणं बरोबर नाही. धरण्याला बसायचं की नाही, घोषणा द्यायची की नाही, हे प्रत्येक मुलानं आपापल्या परिस्थितीनुसार ठरवावं, आणि जो मागे राहील त्याला कुणी भित्रा म्हणू नये. मतपत्रिका मात्र गुप्त असते. ज्याला उघडपणे तोंड उघडता येत नाही त्याच्यासाठीच तर ती आहे.

विसर्जनाहून परतल्यावर भावोजींनी भाचीला पुन्हा फोन लावला. आवाज अजून तुटक होता. त्यांनी विचारलं, 'तुझा पहिला पगार कधी झाला होता गं, ऑगस्टला गेलीस तेव्हा?' ती म्हणाली, 'ऑक्टोबरच्या एक तारखेला. तोवर मी आईनं दिलेल्या सोन्याच्या बांगडीवर होते, तुम्हाला सांगितलं नव्हतं.' त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मतदान कुठल्या तारखेला आहे, ते त्यांनी विचारलं.